मेन पाडायची वेळ

अमरावतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आता वीट आलाय. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते यंत्र बंद पडल्यावर. तुम्ही बसवून दिलेलं मशीन बरं चाललंय हो, एवढं सांगायला आजवर एक माणूस दुकानाची पायरी चढलेला नाही. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यापासून गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद. काल चालू होतं, आज बंद आहे, आणि आम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. बायको म्हणते, तुमाले आता रागही दमून दमून येते.

तर अशातच एप्रिलच्या उन्हात अकोल्याहून ऑपरेटर साहेबांचा फोन आला. हे गृहस्थ एका सहकारी संस्थेत टेलिफोन ऑपरेटर होते, म्हणून सगळे त्यांना अजूनही ऑपरेटर साहेबच म्हणतात. जन्मापासून दृष्टी नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्यात अंध विद्यार्थ्यांसाठी आवाजाचं वाचनालय काढलं. गावातली डोळस माणसं, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी वकिलाची बायको, अभ्यासाची पुस्तकं घरी नाहीतर वाचनालयातच बसून मोठ्यानं वाचतात, आपल्या फोनवर रेकॉर्ड करतात आणि तिथं जमा करतात. ती सगळी एका सर्व्हरमध्ये साठवलेली. समोरच्या खोलीत टेबलावर काही टर्मिनल मांडलेली, म्हणजे नुसते कीबोर्ड, हेडफोन आणि हातभर डबे. त्या डब्यांना स्वतःची डिस्क नाही, सगळा जीव सर्व्हरमध्ये. सर्व्हर उठला तर ते बोलतात, नाही उठला तर ठोकळे.

हा सर्व्हर मीच त्यांना दिला होता, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड. बरीच वर्षं बिनबोभाट चालला. पण त्यावरची सिस्टम इतकी म्हातारी झाली की वाचून दाखवणारा प्रोग्राम नवा टाकता येईना. मग त्यांनी अकोल्यातल्याच एका मेकॅनिकला बोलावून नवी ऑपरेटिंग सिस्टम टाकून घेतली. टाकली, चालू झाली, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरतात, पण पुढं काही नाही. मेकॅनिक आला, त्यानं सिस्टम पुन्हा टाकली, पुन्हा चालू. पुन्हा सकाळी बंद. असं काही वेळा झाल्यावर त्यानं हात टेकले. आता आतल्या सगळ्या डिस्क पुसून पहिल्यापासून करावं लागेल, असं म्हणून तो गेला, आणि तेव्हापासून फोन उचलेना.

मी विचारलं, रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी कुठं आहे? ते म्हणाले, कुठंच नाही. वाचणारे लोक फोन भरला की आपल्याकडचं पुसून टाकतात. इतक्या वर्षांचं वाचन आणि कॉपी नाही! मी फोनवरच तापलो. ते शांतपणे ऐकून घेत होते. टेलिफोन ऑपरेटरला लोकांचं ओरडणं ऐकायची सवय असते. माझ्याच्यानं येणं होणार नाही, गुडघा दुखतो, ऊन मी म्हणतंय, असं सगळं सांगून मी सुटायला बघत होतो, तेवढ्यात त्यांनी फोन दुसऱ्या कुणाला तरी दिला.

"काका, पुसू नका बस," एक पोरगी म्हणाली. "माह्या नोट्स त्याच्यातच हायेत."

ती वरूडकडची. वडील संत्र्याच्या गाड्या भरून देतात, ही अकोल्यात खोली करून राहते. तिलाही दिसत नाही. इतिहासात एम.ए.चं शेवटचं वर्ष, आणि पुढच्या सोमवारी पहिला पेपर. मागच्या वर्षी ऐन परीक्षेत टायफॉइड झाला आणि वर्ष गेलं. घरच्यांनी या वर्षापुरतं कबूल केलं होतं. आता जमलं नाही तर बोजाबिस्तरा घेऊन परत ये, शिकणं खूप झालं. हे तिनं काही रडून सांगितलं नाही, मुक्कामाची गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तसं सांगितलं. मला नाही म्हणता आलं नाही. स्वतःवरच चरफडत मी फोन ठेवला.

बडनेऱ्याहून गाडी धरली. मांडीवर मॉनिटर घेऊन, कारण त्या घरात मॉनिटरच नाही. तिथं तो बघणार कोण? मूर्तिजापूर येईपर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि अकोल्याला उतरलो तेव्हा फलाटावरची हवा भट्टीतून आल्यासारखी होती. या वयात हे धंदे कुणी सांगितलेत, असं मी रिक्षात बसून स्वतःलाच विचारत होतो.

वाचनालय म्हणजे तीन खोल्यांचं जुनं घर, ऑपरेटर साहेब राहायला दुसरीकडं. मागच्या खोलीत खिडकीला वाळ्याचा कूलर आणि त्याच्यासमोरच सर्व्हर. मॉनिटर जोडला, बटण दाबलं. पडद्यावर काही ओळी आल्या, तारीख-वेळेचं काहीबाही, लगेच पुढं जायला कळ दाबा, नाहीतर थोड्या वेळानं आपोआप जाईल. माझ्या बोटानं ती कळ दाबली. तीस वर्षांत त्या ओळी इतक्यांदा पाहिल्यात की बोट डोळ्यांची वाट बघत नाही. मग खरा निरोप आला, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. आतल्या सेटिंगमध्ये गेलो. यंत्रानं सिस्टम कुठून आणि कोणत्या पद्धतीनं उचलायची याचं जे सेटिंग असतं, ते चुकीचं होतं. नव्या सिस्टमला नवी पद्धत लागते, आणि हे बसलंय जुनी पद्धत धरून. बदललं, चालू केलं, आणि समोरच्या खोलीतले सगळे डबे एकदम बोलायला लागले.

ती पोरगी कानाला हेडफोन लावून बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी एकदा तिचा हेडफोन मागून ऐकलं. कुणी बाई मराठ्यांचा इतिहास वाचत होत्या, आणि मध्येच त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. बाईंनी थांबून गॅस बंद केला असावा, मग पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात. पोरगी म्हणाली, ही शिट्टी आली का समजायचं, आता महत्त्वाचा प्रश्न येऊन राह्यला.

मी जाम खूश झालो. आधीच्या मेकॅनिकच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. आजकालच्या पोरांना मुळात जायचंच नसतं, बिघडलं की पुसा, पुन्हा टाका, असं ऑपरेटर साहेबांना व्याख्यान दिलं, आणि दुपारच्याच गाडीनं परत आलो. बायकोलाही जेवताना सगळं सांगितलं. तिनं भाकरी वाढता वाढता एवढंच विचारलं, का आता परत नाही ना जावं लागणार? मी म्हटलं, शक्यच नाही.

सकाळी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच फोन. ये रे माझ्या मागल्या. सर्व्हर बंद.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. राग नाही, नुसता थकवा. इतकी वर्षं केलं ते काम आपल्याला आता येत नाही, असं वाटण्याचा थकवा. बायकोनं मॉनिटरला जुनं धोतर गुंडाळून दाराशी आणून ठेवला. वर पाण्याची बाटली. तिचं म्हणणं माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या खेपेला मी एक गोष्ट शहाणपणाची केली. सेटिंग नीट करून सर्व्हर उठवल्याबरोबर आधी सगळ्याची कॉपी सोबत नेलेल्या डिस्कवर घ्यायला लावली. निदान पुसलं जाण्याची भीती गेली. पोरीला म्हटलं, पुस्तकं तुझ्या फोनमध्ये भरून देतो, घरी बसून ऐक. ती म्हणाली, पुस्तकं ऐकून झाली काका, आता नोट्सच कामाच्या. त्या नोट्स तिनं दोन वर्षं त्या टर्मिनलवर टाइप केल्या होत्या, त्यातल्या खुणांवरून रेकॉर्डिंगमधली नेमकी जागा लागते, पण त्या खुणा तिथल्याच प्रोग्रामला कळतात. म्हणजे सर्व्हर उठलाच पाहिजे, रोज सकाळी, परीक्षा संपेपर्यंत.

मग मी दिवसभर झगडलो. डिस्क तपासली, ठणठणीत. केबल बदलली. मेमरी काढून पुसून पुन्हा बसवली. सर्व्हर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. दर वेळेस गुणी बाळासारखा उठायचा. पाहुण्यांसमोर शहाणी अन् पाठ वळली की धिंगाणा, अशी पोरं असतात ना, तशातली गत. सगळा दिवस वाया गेला आणि हाती शून्य. चारच्या गाडीला मी गेलो नाही. काही सापडलं म्हणून नव्हे, उठून स्टेशनावर जायची ताकदच नव्हती.

ऑपरेटर साहेबांनी चहा केला, स्वतःच्या हातानं, एक थेंब न सांडता. जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत बसले. गावातले बडे लोक केवळ "हॅलो" म्हणण्यावरून ते ओळखायचे, कोण घरी भांडून आलाय तेही. वाचणाऱ्या बाया एकेक करून गेल्या. पोरगी गेली. जाताना मला म्हणाली, उद्या सकाळी मी येऊन पाहीन, आणि उद्या काय दिसेल हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

ऊन उतरलं तसे ऑपरेटर साहेब उठले. आपल्या टर्मिनलवर बसून त्यांनी सर्व्हर शिस्तीत बंद केला. मागच्या खोलीत जाऊन पंखे थांबेपर्यंत कान देऊन उभे राहिले. इथवर काही चुकीचं नव्हतं, उलट डोळस लोक असं करत नाहीत, सरळ वायर ओढतात. मग भिंतीला हात लावत ते घरातल्या बोळीत गेले आणि खटका वाजला. कूलर घरघरत थांबला. घरातले सगळे दिवे गेले. सर्व्हरखालचा यूपीएस कोकलायला लागला, तर त्यांनी परत येऊन चवड्यावर बसून त्याचंही बटण दाबून त्याला गप्प केलं. अगदी सवयीचा हात. मी अंधारात खुर्चीवर तसाच बसून होतो.

मी विचारलं, तुम्ही मेन पाडला? ते म्हणाले, हो, मेन पाडायची वेळ झाली ना. रोज पाडता? रोज. कधीपासून? आता कधीपासून म्हणून सांगावं, पहिल्यापासूनच.

माझा तोल गेला. आम्ही काही केलं नाही म्हणता, आणि रोज संध्याकाळी अख्ख्या घराचा मेन पाडता! यूपीएस कशासाठी घेतला मग, पूजेला? दोन दिवस मी उन्हातान्हात इथं मरून राहिलोय, ती पोरगी तिकडं जीव मुठीत धरून बसलीय, असं मी बरंच बोललो, नको तेही बोललो असेन. ते माझं संपेपर्यंत थांबले.

"मंग मले कसं समजंन जी," ते म्हणाले, "का लाईट चालू हाये का बंद?"



मग त्यांनी सांगितलं. वाचायला येणारे डोळस लोक दिवे लावतात. मध्येच लाईट जाते, लोक तसेच उठून घरी जातात, बटणं दाबलेलीच राहतात. पूर्वीचे बल्ब तरी हाताला ऊन लागायचे, आताच्या एलईडीचं तेही समजत नाही. सुरुवातीच्या एका दिवाळीत वाचनालय बंद होतं आणि समोरच्या खोलीतला लाईट सगळी सुट्टी जळत राहिला. शेजारचा माणूस चारचौघांत म्हणाला, आंधळ्याच्या घरी बघा कसा उजेड. लोक हसले. तेव्हापासून घराबाहेर पडण्याआधी मेन पाडायचा, म्हणजे प्रश्नच मिटला. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. मीच मान खाली घातली, त्यांना दिसणार नव्हती तरी.

मोबाइलचा टॉर्च लावून मी सर्व्हर उघडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत रुपयाएवढी एक बॅटरी असते, घड्याळात घालतात तशी. वीज पूर्ण गेली तरी तारीख आणि सेटिंग तिच्या जोरावर लक्षात राहतं. ती कधीच मेली होती. रोज मेन पडला की सर्व्हर सगळं विसरून कारखान्यातून आला तसा व्हायचा. जुन्या सिस्टमला ती मूळ अवस्थाच चालायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. नव्या सिस्टमसाठी, आधी त्या मेकॅनिकला आणि मग मला, सेटिंग बदलावं लागलं आणि ते रोज रात्री पुसलं जायला लागलं. तारीख-वेळेची ती ओळ पडद्यावर रोज सकाळी येऊन हेच सांगत असणार. तिथं पडदा नव्हता, आणि पडदा घेऊन गेलेल्या शहाण्यानं ती वाचली नव्हती.

नवी बॅटरी चौकातल्या घड्याळवाल्याकडून आणली. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. जुनी काढायला गेलो तर तिला धरून ठेवणारी पत्ती कूलरच्या ओलीनं गंजून गेलेली, ती माझ्या चिमटीत आली. नवी बॅटरी बसणार कशावर? बोर्ड काढून नागपूरला नेऊन सोल्डरचा डाग द्यायचा म्हणजे आठवडा गेला. माझ्या हातात आता तितकी स्थिरता नाही, आणि पेपर तोंडावर असताना मी तो जुगार खेळणार नव्हतो. सर्व्हरपुरती मेनच्या आधीपासून वेगळी लाइन ओढावी, तर वायरमन लग्नसराईत मंडपांच्या लायटिंगमध्ये गुंतलेले, एक सापडेना.

शेवटी एकच मार्ग उरला. सेटिंग पुन्हा नीट करून सर्व्हर उठवायचा, मग परीक्षा संपेपर्यंत तो बंद करायचा नाही आणि मेन पाडायचा नाही. लाईट फारच वेळ गेली तर मला फोन करा, पहिल्या गाडीनं येतो, असंही मी बोलून बसलो.  ऑपरेटर साहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत होती. शेजाऱ्याला विचारा बाहेरून दिवे दिसतात का, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

गाडीची वेळ होत होती, गुडघा ठणकत होता, मला कसंही करून घरी जायचं होतं. वैतागूनच मी म्हटलं, निघताना मला व्हिडिओ कॉल करत जा, फोन घरभर फिरवा, मी पाहून सांगतो. बोलून गेलो. लोक असं म्हणतात आणि समोरचा फोन करत नाही, हा माझा अनुभव. 

त्यांनी दुसऱ्या संध्याकाळपासून फोन केला. रोज. मी दुकान बंद करून हातपाय धुऊन बसलो की पडद्यावर अकोल्याच्या त्या घराचं छत हलायला लागायचं, कारण फोन ते असा धरायचे की मला आधी छतच दिसायचं. जरा खाली घ्या, डावीकडं, तिकडं नाही, दुसरं डावीकडं. न्हाणीघरातला चालू आहे. बोळीतला बंद. मागच्या खोलीत सर्व्हरचा हिरवा ठिपका तेवढा दिसतो, तो राहू द्या. मी करवादायचो, बायको हसायची. एका दिवशी फोनला उशीर झाला तर तिनंच विचारलं, काहून, आज तुमच्या अकोल्याचे लाईट पाहाचे नाहीत काय?

पहिला पेपर झाला, दुसरा झाला. एकदा भर दुपारी लाईट गेली आणि यूपीएसनं कसंबसं निभावलं. ती पोरगी मला काही फोन करत नव्हती, आणि मी कशाला विचारू? सर्व्हर चालू आहे एवढं मला माहीत होतं. तो कुणाच्या काय कामी येतो ते आम्हाला कधी कळतच नाही. यंत्र चालू असलं की आमचा संबंध संपतो.

शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी कॉल आला. छत, भिंत, कूलरची खिडकी. न्हाणीघर बंद, बोळी बंद. मग फोन समोरच्या खोलीकडं वळला आणि पडदा एकदम उजळला.

मी म्हटलं, समोरच्या खोलीतला राहिलाय.

ते म्हणाले, हो काय, दुपारी त्या बाई वाचून गेल्या, त्यांनीच लावला असंन. तिथं ती पोट्टी बसली आहे उद्याचा अभ्यास करत, तिचं झालं का ती कुलूप लावून जाईन. तिले तर काही समजलंच नसंन लाईटचं. थांबा, करतो बंद. भिंतीवरून त्यांचा हात बटणाकडं सरकताना मला दिसला.

टेबलाच्या टोकाला ती बसली होती. कानाला हेडफोन, मान एका अंगाला कललेली, ओठ हलत होते. बोटं कीबोर्डवर थोडं पुढं जायची, थांबायची, मागं यायची. मध्येच ती हसली. मला वाटतं कुकरची शिट्टी झाली असेल.

"राहू द्या जी," मी म्हटलं. "नका करू बंद."

"काहून?"

"मले दिसून राह्यली ती."

त्यांनी हात खाली घेतला, आणि फोन तसाच तिच्याकडं धरून उभे राहिले.